नेलपेंटचे तिसऱ्याच दिवशी टवके उडतात, चुकतंय कुठे?

काउंटर_चार, सांगली

रविवारी रात्री लावलेली नेलपेंट बुधवारी टोकाला उडालेली असते. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट सगळ्यात आधी जातं, मग बाकीची. डाव्या हाताची करंगळी मात्र शनिवारपर्यंत ठणठणीत.

सध्याची पद्धत: रात्रीची भांडी आवरली की जुनी नेलपेंट रिमूव्हरने काढायची, नखं कापायची, कोरडी पडू नयेत म्हणून थोडं खोबरेल चोळायचं आणि पुसून दोन जाडसर हात मारायचे. पंख्याखाली दहा मिनिटं, मग झोप. बेस कोट नाही. टॉप कोट कधी असतो, कधी नसतो. बाटली शंभर-सव्वाशेची.

रोजचं काम म्हणजे सकाळी सात-आठ भाकऱ्या, दोन वेळची भांडी, दिवसभर कॅश काउंटरवर नोटा आणि कीबोर्ड.

गौरीला घरी हळदीकुंकू आहे. निदान सात दिवस टिकेल असं घरच्या घरी काही सांगा. जेल नको आहे. आणि महाग बाटली घेतली तर खरंच फरक पडतो का?

शेडकार्ड

ताई, भांडी घासून लगेच, वर खोबरेल आणि वर जाड हात. या तीन गोष्टी एकत्र आल्या की हजाराची बाटलीसुद्धा बुधवारीच उडेल. बाटलीचं नंतर बघू.

आधी रंग कुठून सुटतोय ते बघा, त्यावरून रोग कळतो. फक्त टोक झिजलंय आणि बाकी नख शाबूत आहे, म्हणजे टोकाची कड बंद केलेली नाही. अख्खा पापुद्रा स्टिकरसारखा निघतोय, म्हणजे खाली तेल किंवा ओल होती. कातडीला लागून उचलला जातोय, म्हणजे लावताना रंग कातडीवर चढलाय. नखाच्या मधोमध आडवी चीर पडतेय, म्हणजे एक तर थर जाड आहे किंवा नख मऊ आहे आणि वाकतंय. तुमचं पहिलं तर नक्की आहे, तेल लावताय म्हणजे दुसरंही असणार.

आता ओलीचं. नख पाणी पितं आणि थोडं फुगतं, पसरट होतं. वरून कोरडं दिसलं तरी आतलं पाणी निघायला तास-दीड तास द्यावा लागतो. फुगलेल्या नखावर रंग बसवला की रात्रीतून नख आकसतं, पण वरचा थर त्याच्याबरोबर तेवढा आकसत नाही. तिथेच पकड सुटते. मॅनिक्युअरला बोटं कोमट पाण्यात बुडवून लगेच रंग लावतात, त्यात हाच घोळ आहे. म्हणून रविवारी दुपारी तीनला बसा आणि त्या रात्रीची भांडी घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा.

नखं बोटाच्या पुढे एक-दोन मिलिमीटरच ठेवा. कीबोर्डवर त्याहून लांब नखाचं टोक दर अक्षराला आपटतं. नेलकटरने कापल्यावर कडेवर बारीक करवती दाते राहतात आणि टवका तिथूनच सुरू होतो, म्हणून १८० किंवा २४० नंबरच्या फाइलने एकाच दिशेने घासा. मागे-पुढे करवतीसारखं घासलं की नखाचे पदर सुटतात. धातूची फाइल नकोच.

मग क्युटिकल. नखाच्या मुळाशी एक पारदर्शक पातळ कातडी नखावर चिकटून पुढे आलेली असते. सहज दिसत नाही, उजेडात बोट तिरकं धरलं की दिसते. लाकडी काडीने ती हळूच मागे सारा आणि नखावर राहिलेला चुरा खरवडून काढा. त्याच्यावर बसलेला रंग त्याच्याबरोबरच निघणार. कापू मात्र नका, जखम झाली की नखुरडं ठरलेलं.

यानंतर साबणाने हात धुवायचे नाहीत. साधं अ‍ॅसिटोन टिश्यूवर किंवा जुन्या मलमलच्या तुकड्यावर घेऊन प्रत्येक नख पुसा, टोकाच्या खालून आणि दोन्ही बाजूच्या खाचांतूनही. कापसाचे तंतू राहतात. 'मॉइश्चरायझरयुक्त' लिहिलेला रिमूव्हर जुना रंग काढायला चालेल, पण शेवटचा पुसा त्याचा नको, तो स्वतःच तेलकट थर ठेवून जातो. नख पांढुरकं आणि मंद दिसायला लागलं की समजा साफ झालं. मग त्याला बोट लावायचं नाही, केसांत हात घालायचा नाही.

बेस कोटचा एक पातळ हात, दोन मिनिटं थांबा. तो किंचित चिकट राहतो, राहू दे. रंग त्यालाच धरतो, शिवाय गडद लाल-मरूनने नखं पिवळी पडत नाहीत.

रंगाचा ब्रश बाटलीच्या तोंडाला एका बाजूने पुसून घ्या. दुसऱ्या बाजूला राहिलेला थेंब करंगळीला मोहरीएवढा, अंगठ्याला ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याहून मोठा नको. थेंब नखाच्या मध्यावर टेकवून मुळाकडे हलकेच ढकला, कातडीपासून अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबा आणि टोकाकडे ओढा. मग डावी बाजू, मग उजवी. तीन फटक्यांत नख संपलं पाहिजे. पहिल्या हाताला रेघा दिसणारच, त्या बुजवायला चौथा-पाचवा फटका मारू नका, अर्धवट वाळलेला रंग ओरबाडला जातो. तीन मिनिटांनी दुसरा हात, तसाच पातळ.

आणि टोक! साडीला पिको केला नाही तर पदराचे धागे जसे सुटतात, तसंच आहे हे. दर हाताला, बेसपासून टॉप कोटपर्यंत, ब्रश नखाच्या टोकाच्या जाडीवर आडवा फिरवायचा. दहा नखांना अर्धं मिनिट जास्त लागतं. बाकी सगळं सोडलं तरी चालेल, हे सोडू नका.

टॉप कोटला थेंब थोडा जास्त घ्या आणि ब्रश नखावर दाबू नका, थेंबावरून तरंगत न्या, नाहीतर खालचा रंग ओढला जातो. झटपट वाळणारा टॉप कोट असेल तर रंग थोडा ओला असतानाच लावा. पूर्ण वाळल्यावर लावला तर तो आकसताना रंगालाही टोकापासून मागे खेचतो आणि पहिल्याच दिवशी पांढरी कड दिसते.

बेदाणा

वाळवायला पंखा-बिंखा काही नको. बर्फाच्या पाण्यात तीन मिनिटं बोटं बुडवायची, दगडासारखी होते.

ड्युको

बर्फाच्या पाण्याने वाळत नाही, वाळल्यासारखं वाटतं. नेलपेंट वाळते म्हणजे तिच्यातले इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट उडून जातात. गारव्यात ते उलट सावकाश उडतात. वरचा थर थंडीने कडक झालेला असतो एवढंच. पाण्यातून हात काढून पाच मिनिटांनी अंगठा दाबून बघा, ठसा उमटेल. शिवाय नख परत भिजवलं ते वेगळंच.

घरच्या कपाटावर सुतार ड्युको मारतात ना, नेलपेंट त्याच कुळातली. नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा, तो नखाला धरावा म्हणून राळ आणि वाकवल्यावर फुटू नये म्हणून प्लास्टिसायझर. कपाटाला कुणी एकदम जाड हात मारत नाही, इथेही तेच. जाड हाताला वरून दुधासारखी साय धरते आणि आतलं द्रावण अडकतं. पंख्याचा वारा थेट लागला की साय आणखी लवकर धरते. खालून सुटायला बघणारी वाफ मग बारीक बुडबुडे होऊन अडकते. पंखा खोलीत असू दे, बोटांवर नको.

हाताला कोरडी लागायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण आतपर्यंत कडक व्हायला जवळपास दिवस जातो. लावून तासाभरात झोपलं की सकाळी चादरीची वीण नखावर छापलेली दिसते, ती त्यामुळेच. पहिले दोन-तीन तास गरम पाणी आणि दाब दोन्ही टाळा.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रंग ब्रशवरच दाटतो. ब्रश उचलला की पाकासारखी तार सुटली तर ती बाटली तशीच वापरू नका. नेलपेंटचं थिनर वेगळं मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब टाका, झाकण लावून बाटली दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवा. वरखाली हलवली की हवा शिरते आणि तेच बुडबुडे नखावर येतात. रिमूव्हर ओतू नका. त्याने रंग पातळ होतो खरा, पण अ‍ॅसिटोन भराभर उडून जातं आणि रिमूव्हरमधलं पाणी-तेल रंगातच राहतं. पापुद्रा कमजोर होतो. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर त्याहून वाईट, त्यात टोल्युईन असतं. ते लाकडासाठी आहे, नखासाठी नाही.

पावसाळ्यात वेगळी अडचण. द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर बसते, मग चकाकी जाऊन रंग धुरकट होतो. कृष्णाकाठच्या श्रावणातही होतं, सातारा-महाबळेश्वरकडे तर फारच. खोली कोरडी असेल अशी वेळ बघा आणि दोन हातांमधलं अंतर पाच मिनिटं करा.

बाटलीच्या किमतीबद्दल. महाग बाटलीत बहुतेक वेळा ब्रश चांगला असतो आणि रंग दोन हातांत भरतो. हाही फायदाच, पण पकड बेस कोटची आणि संरक्षण टॉप कोटचं. पैसे टाकायचे तर या दोघांवर टाका, मधला रंग शंभराचा असू दे.

आणि एक, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही: जुन्या सिनेमाची रिळं याच नायट्रोसेल्युलोजची असत आणि भडकन पेटत. नेलपेंटची नि रिमूव्हरची वाफही पेट घेते. गॅसजवळ, समईशेजारी, उदबत्ती चालू असताना बाटली उघडू नका.

मिरजेची_मावशी

लावायचं सगळं सांगून झालं, आता स्वयंपाकघराचं सांगते.

भाकरीचा दोष कमी आहे गं. थापताना सगळं काम तळव्याचं आणि बोटांच्या पेरांचं, नख कुठे लागतंय. गोची नंतर होते. कढत पाण्यात मळलेलं पीठ नखांच्या कडेला वाळतं आणि बायका ते दुसऱ्या नखाने खरवडतात. खरवडू नकोस, कोरडं पीठ चोळ, सुटून येतं. परात धुताना मात्र तारेची घासणी नको. रोज दोन वेळा काचकागद फिरवल्यासारखं आहे ते. काथ्या किंवा स्पंज घे, मूठ वळून घासणी तळव्यात धर, बोटांची टोकं भांड्याच्या तळाशी जाऊ देऊ नकोस. रबरी हातमोजे घातलेस तर सगळ्यात बरं. एक नंबर सैल घे आणि आत कोरडं ठेव, घामाने ओले मोजे म्हणजे नख भिजत घातल्यासारखंच.

नख म्हणजे हत्यार नव्हे. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कुकरची रिंग उचकटणं, डब्यावरचं लेबल काढणं, सगळं टोकावर येतं. लसणाच्या पाकळीचा बुडखा सुरीने उडवलास की साल आपोआप सुटते.

हळदीचं लक्षात ठेव, आपण हळदीच्या पेठेत राहतो. फिकट गुलाबी किंवा बिनरंगी टॉप कोट असला की हळद त्यात मुरते. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून साबणाने घासत बसलीस तर फक्त चकाकी जाईल. दुपारच्या उन्हात थोडं बसलीस तर बराचसा उडतो. हळदीकुंकू असेल तेव्हा मरून, वीटकरी, गडद लाल लाव, डाग पडला तरी दिसत नाही. मेंदीही काढणार असशील तर आधी मेंदी, मग नेलपेंट. मेंदी नखावर चढली की रिमूव्हरने जात नाही, नखाबरोबर वाढूनच जाते, त्याला काही महिने लागतात. ती नको असेल तर मेंदीआधी नखांना बिनरंगी नेलपेंटचा एक हात देऊन ठेव आणि मेंदी झाली की काढून टाक. मेंदीवर चोळलेलं निलगिरीचं तेल नखांवरून अ‍ॅसिटोनने पुसायला विसरू नकोस.

डासांचं क्रीम लावतेस का? काहींमध्ये डीट नावाचं औषध असतं, ते नेलपेंट मऊ करतं. तळव्याच्या मागच्या बाजूने लाव. सॅनिटायझरनेही चकाकी मरते.

शेडकार्ड

मावशींना दुजोरा. तेलाचं उरलं होतं: रंग लावायच्या आधी तेल शत्रू, लावून दुसऱ्या दिवशीपासून मित्र. रोज रात्री नखाच्या मुळाशी एक थेंब चोळा, कातडी सोलवटत नाही आणि नख ठिसूळ होत नाही.

दर तिसऱ्या दिवशी टॉप कोटचा एक पातळ हात टोकासकट द्या. आठवड्यात दोनदाच. त्याहून जास्त झाले की थर जाड होऊन पोपडा निघतो. टवका उडालाच तर त्याची धारदार कड रिमूव्हरमध्ये जेमतेम बुडवलेल्या ब्रशने मऊ करा, खड्ड्यात तेवढाच रंग भरा, पाच मिनिटांनी सगळ्या नखावर टॉप कोट. उरलेला रंग सोलून काढू नका, त्याच्याबरोबर नखाचा वरचा पदरही येतो आणि पुढच्या वेळी तिथे काहीच धरत नाही.

काउंटर_चार, सांगली

सगळ्यांचे आभार. बेस कोट आणि थिनर आणते. दोन शंका. नखं मऊ आहेत, दाबली की वाकतात. त्यासाठी दुकानदार हार्डनर घ्या म्हणतो, घेऊ का? आणि डावी करंगळी शनिवारपर्यंत टिकते, तर उजवा अंगठा आणि पहिलं बोटच का जातं? कीबोर्डला तर सगळीच बोटं लागतात.

ड्युको

हार्डनर जपून. त्यातल्या काहींमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं. थोडे दिवस नख कडक होतं, सतत लावलं की ठिसूळ होऊन तुटायला लागतं. मऊ नखाला वाकणारा बेस कोट लागतो. बाटलीवर 'पील ऑफ' लिहिलेला घेऊ नका, तो सोलून निघावा म्हणूनच बनवलेला असतो.

दुसऱ्या शंकेवर माझाच प्रश्न: नोटा मोजताना बोट ओल्या स्पंजवर टेकवता का?

काउंटर_चार, सांगली

हो! टेबलावर डबी असते, दर पाच-सहा नोटांना अंगठा आणि पहिलं बोट टेकवायचं.

शेडकार्ड

मग सापडला चोर. स्पंजचं पाणी पेराला लागतं, पण तिथून टोकाच्या खाली शिरतं. रंग फक्त वरून आहे, खालचं नख उघडं. दिवसभर खालून भिजतं, सुकतं, भिजतं, आणि कोरड्या नोटेची कड नेमकी त्याच जागी घासते. बाकीच्या आठ बोटांना हा त्रास नाही.

अशा दोन बोटांना टोकाच्या खालच्या बाजूनेही बेस कोटचा आणि टॉप कोटचा एकेक पातळ हात द्या. बोट उलटं धरून ब्रशच्या अगदी टोकाने, कातडीला न लावता. लागलाच तर काडीने पुसा. या दोघांना टॉप कोट तिसऱ्याऐवजी दुसऱ्या दिवशी. स्टेशनरीच्या दुकानात बोटात घालायच्या रबरी टोप्या मिळतात, पहिल्या बोटाला ती चढवलीत तर स्पंज लागणारच नाही. टोपीला भोकं असलेली घ्या, घाम साठत नाही.

मिरजेची_मावशी

आणि गौरीला सात दिवस आधी कशाला लावतेस? आवाहनाच्या दोन दिवस आधी दुपारी लाव. आवाहनाच्या रात्री पुरण वाटून, हात धुऊन, तास-दीड तासाने टॉप कोट दे. पूजनादिवशी सोळा भाज्या चिरायच्या असतात, त्यात नवी नेलपेंट जपत बसायला कुणाला वेळ असतो.

काउंटर_चार, सांगली

टोपी आजच आणली. भोकं असलेली फक्त मोठ्या मापात मिळाली, पहिल्या बोटाला सैल होतेय. आतून काही लावून बसवता येते का?

शेडकार्ड

आत काही भरू नका, ओल धरेल. अंगठ्याला बसत असेल तर ती अंगठ्यालाच घाला आणि नोटा अंगठ्यानेच सरकवा. पहिलं बोट कोरडं राहील.